चावी सोडायची नाही: स्टार्ट करताना विमानाच्या इंजिनाला आग लागली तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारी मुलगी पायलटचं लायसन्स घेण्यासाठी शिकते आहे. सुरुवातीचं फ्लाइंग तिने जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या (कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) सेसना 172 या छोट्या विमानावर केलं, आता ती पायपर वॉरिअरवर आली आहे. सेसनावरच्या इन्स्ट्रक्टरने शिकवलं होतं की स्टार्टच्या वेळी आग लागली तर क्रँक करत राहायचं (म्हणजे चावी धरून स्टार्टरने इंजिन फिरवत राहायचं), इंजिन लागू द्यायचं, मिक्श्चरला, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या कंट्रोलला, हात लावायचा नाही. वॉरिअरवरचे सर म्हणतात, आधी मिक्श्चर कटऑफ, म्हणजे इंजिनाचं पेट्रोल बंद. खरं कोणाचं? आणि इंजिन पेटलेलं असताना स्टार्टर फिरवत बसणं म्हणजे आगीत तेल ओतणं नाही का? शिवाय, याचा सराव करता येतो का?

दोघांचंही खरं आहे. दोघांनी आपापल्या विमानाच्या पुस्तकातलं सांगितलं आहे. जुन्या 172 च्या पीओएचमध्ये (विमानाच्या हँडबुकमध्ये) पहिलीच ओळ ‘क्रँकिंग चालू ठेवा’ अशी आहे. पायपरच्या पुस्तकात मिक्श्चर कटऑफ, थ्रॉटल (इंजिनाला किती हवा जाईल ते ठरवणारा कंट्रोल) पुढे आणि क्रँक, असं आहे. फरक मिक्श्चरपुरता आहे. जे दोन्हीकडे सारखं आहे त्याला जास्त महत्त्व आहे: स्टार्टर सोडायचा नाही. आणि घाबरलेला माणूस नेमका तोच सोडतो. बाहेरून कुणी ‘आग, आग’ ओरडलं की हात आपसूक चावीवरून निघतो, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद होतो, दार उघडतं. प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, थांबतो. आग मात्र होती तिथेच राहते आणि वर चढू लागते.

मी पायलट नाही, देखभालीचा इंजिनिअर आहे. नोकरीचा बराचसा काळ फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये गेला. त्यामुळे मी हे काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आतल्या बाजूने सांगणार. चेकलिस्टचा क्रम तुमच्या विमानाच्या पुस्तकात आहे तोच धरायचा.

तुमच्या विमानाचं 100 तासांचं इन्स्पेक्शन चालू असेल त्या दिवशी हँगरमध्ये या आणि खालचं काउलिंग काढल्यावर वाकून बघा. 172 आणि वॉरिअर, दोन्हींत साधारण एकाच घराण्याचं लायकॉमिंग ओ-320 इंजिन असतं. सिलिंडर आडवे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. कार्ब्युरेटर सगळ्यांच्या खाली, ऑइल संपच्या पोटाला बोल्ट केलेला. हवा फिल्टरमधून एअर बॉक्समध्ये येते, तिथून वर कार्ब्युरेटरमध्ये, आणि पुढे संपमधून गेलेल्या वाटेने इनटेक व्हॉल्व्हपर्यंत. म्हणजे हवेला आणि पेट्रोलला वर चढायचं असतं. इंजिन फिरत असेल तर सिलिंडरची ओढ असते, थेंब हवेबरोबर वर जातात. इंजिन थांबलेलं असेल तर पेट्रोल वर जाईलच कसं? ते खाली एअर बॉक्समध्ये उतरतं, फिल्टर भिजवतं आणि फारच झालं तर एअर बॉक्सच्या ड्रेनच्या भोकातून नोज व्हीलशेजारी ठिबकतं. एव्हगॅस 100 एलएलला, म्हणजे विमानाच्या पेट्रोलला, निळा रंग असतो. नोज व्हीलपाशी निळसर ओल दिसली तर आत किती साठलं असेल याचा अंदाज करा.

हे पेट्रोल तिथे येतं कसं? बहुतेक वेळा आपल्याच हाताने. या कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा अॅक्सेलरेटर पंप असतो. थ्रॉटल पुढे ढकलला की तो पेट्रोलची पिचकारी मारतो, इंजिन फिरत असो वा नसो. उडताना त्याचा उपयोग असा, की थ्रॉटल एकदम उघडला तरी इंजिन अडखळत नाही. पण प्रॉप उभा असताना थ्रॉटल चार वेळा पुढेमागे केला तर त्या चार पिचकाऱ्या ओढून घ्यायला कुणी नसतं. सगळं खाली गळतं. बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं, मिक्श्चर कटऑफला आहे, मग काय बिघडतंय? बिघडतं. हा पंप फ्लोट बाऊलमधून (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीतून) थेट पेट्रोल उचलतो, मिक्श्चरच्या वाटेने नाही. मिक्श्चर मागे असलं तरी थ्रॉटल पंप केला की पेट्रोल येतंच.

प्राइमरची गोष्ट वेगळी. पॅनेलवरची ती ओढून आत ढकलायची नॉब. तिची बारीक नळी सरळ सिलिंडरच्या इनटेक पोर्टपाशी जाते. म्हणजे पेट्रोल जिथे जळायला हवं त्याच्या दारातच पडतं. थंड इंजिनासाठी हाच सरळ मार्ग. जुन्या 172 च्या पुस्तकात थंड इंजिनाला 2 ते 6 स्ट्रोक आणि गरम असेल तर एकही नाही, असं दिलंय. सहाच्या वर गेलात तर पोर्टमधलं जादाचं पेट्रोलही नळीतून ओघळत खाली कार्ब्युरेटरकडे परत येतं. आणि प्राइम करून झाल्यावर नॉब फिरवून लॉक करायची. सैल राहिली तर इंजिन त्या नळीतून स्वतःच पेट्रोल ओढत राहतं. मग मिक्श्चर कटऑफ केलं तरी एक दार उघडंच राहिलेलं असतं.

ज्यांच्या घरी कधी पंपाचा स्टोव्ह होता त्यांना हे चटकन कळेल. बर्नर तापायच्या आत पंप मारला की रॉकेलची वाफ न होता ते तसंच बाहेर पडतं आणि भडका उडतो. इथेही तसंच: वाफ न झालेलं पेट्रोल नको त्या जागी. एव्हगॅसची वाफ मोटारच्या पेट्रोलपेक्षा सावकाश होते, हे त्यात आणखी. धुळे, नाशिककडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा 8-10 अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा पहिल्या सॉर्टीला (उड्डाणाला) इंजिन लागायला कुरकुर करतं ती यामुळे. खरं तर एवढी थंडी या इंजिनांना काहीच नाही. लायकॉमिंग आपल्या बहुतेक इंजिनांना प्रीहीट सांगतं ते उणे 12 अंशांखाली. आपल्याकडे प्रश्न थंडीचा कमी आणि घाईचा जास्त असतो. सहाचा स्लॉट, मागे रांगेत दुसरी दोन विमानं, इंजिन लागत नाही, आणि हात थ्रॉटलवर सुरू.

जुन्या लोकांना या गोष्टीची जाण चांगली होती. जेआरडी टाटांनी 1929 मध्ये लायसन्स घेतलं त्या काळातली मॉथ विमानं हाताने प्रॉप फिरवून सुरू करत. त्यांत कार्ब्युरेटर मुद्दाम भरून ठिबकेपर्यंत पेट्रोल सोडत. पण मग मॅग्नेटोचे (ठिणगी देणाऱ्या यंत्रांचे) स्विच बंद ठेवून प्रॉप हाताने काही वेळा फिरवत, म्हणजे ते पेट्रोल आत ओढलं जाई. त्यानंतर ‘काँटॅक्ट’, म्हणजे स्विच चालू. आधी पेट्रोल आत, मग ठिणगी. आपण स्टार्टरच्या चावीने दोन्ही एकाच वेळी करतो, म्हणून क्रम विसरलो.

आता पेटतं कसं, ते. इथे दोन वेगळे आवाज लोक एकाच नावाने ओळखतात. एक्झॉस्टमधून ‘फाट’ आवाज येतो तो आफ्टरफायर. न जळलेलं पेट्रोल मफलरमध्ये जाऊन तिथे पेटतं. दणका मोठा, मफलरला वाईट, पण आगीचा धोका त्या मानाने कमी. दुसरा बॅकफायर: ज्वाळा उलट्या दिशेने इनटेकमधून कार्ब्युरेटरकडे येते. आपल्या आगीचं मूळ हे. मिश्रण फार पातळ असेल तर ते सावकाश जळतं. पुढच्या फेरीला इनटेक व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आत जळतच असतं आणि ज्वाळेला बाहेरची वाट मिळते. थंड इंजिनात हेच होतं. द्रव पेट्रोल खाली भरपूर साठलंय, पण सिलिंडरमध्ये वाफ झालेलं थोडंच, म्हणून एकाच वेळी इंजिन फ्लडही असतं आणि आत मिश्रण पातळही. विद्यार्थ्यांना हे पटायला वेळ लागतो.

दुसरं कारण ठिणगी लवकर पडण्याचं. या इंजिनात चालू असताना ठिणगी टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) 25 अंश आधी पडते. स्टार्टला प्रॉप हळू फिरतो, तेव्हा इतक्या लवकर ठिणगी पडली तर पिस्टन वर यायच्या आतच धक्का बसून प्रॉप उलटा ढकलला जाईल. ते टाळायला मॅग्नेटोत इम्पल्स कपलिंग असतं. ते ठिणगी टीडीसीच्या आसपास नेतं. प्रॉप हाताने फिरवताना ‘टक’ असा आवाज येतो तो त्याचाच. बऱ्याच विमानांत हे कपलिंग फक्त डाव्या मॅग्नेटोला असतं, आणि चावी स्टार्टवर असताना उजवा मॅग्नेटो स्विचमधूनच बंद ठेवलेला असतो. कपलिंग झिजलं किंवा स्विचमधली ती जोडणी बिघडली की किकबॅक आणि बॅकफायर सुरू होतात. बॅटरी मरतुकडी असेल तरी तेच, कारण प्रॉप फार मंद फिरतो. प्रॉप उलटा झटका देतोय असं दोनदा जाणवलं की तिसऱ्यांदा स्टार्ट करू नका, आम्हाला बोलवा. त्यावर पायलटकडे काही उपाय नसतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, आगीत तेल ओतण्याचा. आग लागली ती एअर बॉक्समध्ये, कार्ब्युरेटरच्या घशात. प्रॉप फिरत राहिला की सिलिंडर हवा ओढत राहतात, आणि ज्वाळा, तिथलं साठलेलं पेट्रोल, सगळं वर आत खेचलं जातं. आत गेलेली आग सिलिंडरमध्ये असते, म्हणजे तिच्या हक्काच्या जागी. इंजिन लागलं तर ही ओढ कित्येक पटींनी वाढते आणि एअर बॉक्स काही क्षणांत कोरडा होतो. म्हणून सेसनाचं म्हणणं, चालूच करा. लागलं तर काही मिनिटं 1700 आरपीएमवर ठेवा, मग बंद करून तपासा. नाही लागलं तर थ्रॉटल पूर्ण उघडा, मिक्श्चर कटऑफ, आणि तरीही क्रँक. थ्रॉटल पूर्ण का? थ्रॉटलची चकती आडवी असेल तर ओढ तिथेच अडते. उघडली की हवेला मोकळी वाट. पायपर पहिल्यापासूनच हा दुसरा टप्पा करायला सांगतं: पेट्रोल बंद, वाट मोकळी, फक्त ओढ. इंजिन आधीच लागलेलं असेल तर पायपरही म्हणतं, चालू ठेवा.

दोन्हींमागे तर्क आहे. इंजिन लागण्याची शक्यता असेल तर सेसनाची पद्धत आग लवकर संपवते. लागण्याची शक्यता नसेल तर पायपरची पद्धत नवीन पेट्रोल आणत नाही. यात कुठली चांगली यावर मी हँगरमध्ये चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत वाद ऐकलेत. माझं मत विचाराल तर विद्यार्थ्याने या वादात पडू नये. ज्या विमानात बसलाय त्याच्या पुस्तकातला क्रम, तोच, तोंडपाठ. दोन विमानांचे दोन क्रम डोक्यात मिसळले की ऐनवेळी हात मधेच थांबतो, आणि त्या थांबण्यात प्रॉप थांबतो.

स्टार्टरच्या मर्यादेचं काय, हेही विचारतात. 10 सेकंद फिरवा, मग थंड होऊ द्या, असं शिकवलेलं असतं. आगीच्या वेळी ती मर्यादा विसरा. स्टार्टर जळाला तर नवा बसवू.

पण हे सगळं कधीपर्यंत? याला शेवट आहे, आणि तो लवकर येतो. पायपरच्या पुस्तकाचा सूर असा, की काही सेकंदांपेक्षा जास्त आग टिकली तर बाहेरून विझवायला घ्या. बॅटरी संपत आली, प्रॉप रेंगाळू लागला, काउलिंगचा रंग फुगायला लागला, केबिनमध्ये धूर आला, किंवा जमिनीवर सांडलेलं पेट्रोल पेटलं, तर क्रँकिंगचा उपयोग संपला. एअर बॉक्सच्या बाहेर जळणारं पेट्रोल सिलिंडर ओढू शकत नाहीत. आग मुळात इनटेकची नसेलच, म्हणजे इंधनाची नळी गळून किंवा वायरिंग जळून लागली असेल, तर क्रँक करून काही साधत नाही. आतून हे ओळखता येत नाही, बाहेरचा माणूस सांगू शकतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. डाव्या सीटवरून तुम्हाला आग दिसणार नाही. ती नाकाच्या खाली असते. भर उन्हात एव्हगॅसची ज्वाळा फिकट असते. बाहेरच्या माणसालाही कधी कधी फक्त हवा थरथरताना दिसते. म्हणून स्टार्टच्या वेळी समोर बाजूला एक माणूस, हातात एक्स्टिंग्विशर, आणि त्याला खूण माहीत हवी. मार्शलिंगची ठरलेली खूण अशी: डाव्या हाताने आगीकडे बोट, उजवा हात खांद्यापासून गुडघ्यापर्यंत वारा घातल्यासारखा हलवायचा. नव्या हेल्परला ही खूण कुणी शिकवत नाही. तो बिचारा दोन्ही हात हवेत उंचावून ओरडतो, आणि पायलटला वाटतं थांब म्हणतोय. मग तो चावी सोडतो.

विमान सोडायची वेळ आली तर क्रम असा: मिक्श्चर कटऑफ, फ्युएल सिलेक्टर (टँकमधून येणाऱ्या पेट्रोलचा कॉक) ऑफ, मॅग्नेटो ऑफ, मास्टर ऑफ. फ्युएल सिलेक्टरबद्दल दोन्ही विमानांत वेगळी गंमत आहे. सेसनाचे टँक डोक्यावर पंखात, पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येतं. आगीत रबरी नळी गेली तर सिलेक्टर बंद करेपर्यंत टँकमधून इंजिनाकडे धार चालूच. वॉरिअरचे टँक खालच्या पंखात, तिथे पेट्रोल पंपाने चढतं, म्हणून इलेक्ट्रिक फ्युएल पंप बंद करायचा लक्षात ठेवा. स्टार्टला तो चालूच असतो. आणि वॉरिअरचा सिलेक्टर ऑफला नेताना आधी छोटं बटण दाबावं लागतं. चुकून बंद होऊ नये म्हणून ते दिलंय. ज्याने ते कधी दाबलेलंच नाही त्याला आगीच्या वेळी सापडत नाही. आज विमानात बसल्यावर एकदा करून बघा.

दारांचंही तसंच. 172 ला दोन्ही बाजूंना दार. वॉरिअरला एकच, उजवीकडे, त्याला वर एक आणि बाजूला एक अशा दोन कड्या. सोलो असाल तर बेल्ट सोडून उजव्या सीटवरून बाहेर पडायचं. बाहेर पडल्यावर मागे, शेपटीकडे. पुढे नाही. प्रॉप थांबलाय असं वाटत असलं तरी नाही. गरम इंजिन, तुटलेली मॅग्नेटोची वायर, एवढ्यावर प्रॉप अर्धी फेरी मारू शकतो, आणि अर्धी पुरते. पॅसेंजर असेल तर हे स्टार्टच्या आधीच सांगून ठेवायचं.

विझवायचं कसं, तर काउलिंग न उघडता. उघडलं की हवा मिळते. एअर फिल्टरच्या तोंडातून आत, किंवा ऑइल डिपस्टिकच्या छोट्या दारातून, वाऱ्याकडे पाठ करून. केबिनमधलं हॅलॉनचं छोटं सिलिंडर काही सेकंदांत रिकामं होतं, म्हणून उगाच लांबून मारू नका. सीओटूचं असेल तर उत्तम, मागे काही उरत नाही. फ्लाइंग स्कूलमध्ये सहसा लाल ड्राय पावडरचं असतं. ते मारायला कचरायचं नाही, विमानापेक्षा माणूस मोठा. पण ती पावडर अॅल्युमिनियम खाते. ज्या दिवशी मारली त्याच दिवशी धुवून काढायला हवी. ‘उद्या बघू’ म्हटलं तर आठवड्यात जोडांमध्ये पांढरी बुरशी दिसू लागते. हाताशी काहीच नसेल तर पुस्तकांनीही लोकरी घोंगडी आणि माती सांगितली आहे. पाणी नको, पेट्रोल त्यावर तरंगत पसरतं.

आता आग विझली, इंजिन चालू झालं, सगळं ठीक दिसतंय. इथे खरी गडबड होते. एका ट्रेनिंग स्कूलमधला प्रकार सांगतो. थंडीची सकाळ, 172, इंजिन लागेना, विद्यार्थ्याने थ्रॉटल पंप केला, पुन्हा चावी, आणि खालून ‘धप्प’. समोर उभ्या हेल्परने बरोबर खूण केली, पोराने चावी धरून ठेवली, इंजिन लागलं, तीन-चार मिनिटं चालवून बंद केलं. अगदी पुस्तकाप्रमाणे. बाहेर येऊन बघितलं तर काउलिंगच्या खालच्या ओठावर काजळीचा एक पट्टा, बस. कपड्याने पुसला तर गेलाही. व्यवस्थापनातले एक साहेब म्हणाले, “काही झालेलं नाही, दुपारची सॉर्टी होऊ द्या.”

काउलिंग काढलं. फोमचा एअर फिल्टर वितळून जाळीला काळ्या गुळासारखा चिकटला होता. त्याचे तुकडे कार्ब्युरेटरच्या घशात, व्हेंचुरीला (त्यातल्या अरुंद भागाला) लागलेले. एक तुकडा जरी वर गेला असता तर टेकऑफला इंजिन गुदमरलं असतं. कार्ब हीटच्या (कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याच्या) फ्लॅपचं सील जळालेलं, त्यामुळे फ्लॅप बसत नव्हता. इंधनाच्या रबरी नळीचं बाहेरचं आवरण हाताने दाबलं की कडकड वाजत होतं. कॅरमच्या सोंगटीएवढा एक डाग इंजिन माउंटच्या पाइपवर, रंग उडालेला. तो डाग बघताना वेळ गेला, कारण उष्णता किती लागली ते त्यावरून कळतं. विमान त्या दुपारी उडालं नाही. त्यावरून पुढे जे काही बोलणं झालं ते इथे नको.

म्हणून आगीनंतर किमान एवढं बघावं: कार्ब्युरेटर उतरवून आतला फ्लोट आणि घसा, फिल्टर नवाच, एअर बॉक्स आणि त्याचे फ्लॅप, सगळ्या रबरी नळ्या, प्राइमरच्या नळ्या, खालून जाणारं वायरिंग, माउंटचे पाइप आणि रबर, फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या) भोकांची सील, नोज स्ट्रटचं सील. अॅल्युमिनियमच्या भागाचा रंग बदलला असेल तर त्याची ताकद गेली असं धरून तपासायचं; वरून रंग मारून झाकायचं नाही. आणि सगळं बदलून झाल्यावर मूळ कारण शोधायचं. नाहीतर महिन्याभरात तेच विमान परत येतं.

टाळायचं कसं, ते आता थोडक्यात, कारण ते वर आलंच आहे. थंड इंजिन: पुस्तकात आहेत तेवढेच प्राइम, थोडं थांबा, पेट्रोलला वाफ व्हायला वेळ द्या, प्राइमर लॉक, थ्रॉटल पुस्तकात आहे तेवढाच, मग चावी. प्रॉप उभा असताना थ्रॉटल पंप करू नका. काही अनुभवी पायलट प्रॉप फिरत असताना एखादा पंप देतात; तेव्हा ओढ असते, त्यामुळे ते वेगळं. पण हे शिकण्याच्या काळात नको. इंजिन एकदाही फुरफुरलं नाही तर बहुधा पेट्रोल कमी आहे. अधूनमधून धाप लागल्यासारखं पेटून एक्झॉस्टमधून काळा धूर सोडत असेल तर जास्त झालंय. तेव्हा मिक्श्चर कटऑफ, थ्रॉटल पूर्ण उघडा, काही फेऱ्या क्रँक करून आतलं जादाचं बाहेर जाऊ द्या, आणि पुन्हा प्राइम न करता स्टार्ट करा. हे दोन्ही नीट ओळखता आले की निम्मं काम झालं. दोन-तीन प्रयत्नांत नाही लागलं तर उतरा, नोज व्हीलपाशी जाऊन जमीन बघा आणि वास घ्या. निळी ओल असेल तर विमान हाताने ढकलून कोरड्या जागी न्या आणि दहा-पंधरा मिनिटं सोडा. स्लॉट गेला तर जाऊ द्या.

नागपूर किंवा गोंदियाच्या मे महिन्यात प्रश्न उलटा असतो. इंजेक्शनवालं नवं 172 उतरून वीस मिनिटं उन्हात उभं राहिलं की नळ्यांत पेट्रोलची वाफ होते, इंजिन लागत नाही, आणि विद्यार्थी बूस्ट पंप (इलेक्ट्रिक फ्युएल पंप) धरून बसतो. इंजेक्शनमध्ये कार्ब्युरेटर नाही म्हणून आग लागत नाही असं नाही. पंप चालू आणि मिक्श्चर पुढे ठेवलं तर पेट्रोल इनटेकमध्ये जातच राहतं आणि ड्रेनमधून खाली येतं. पंप पुस्तकात सांगितलाय तेवढाच वेळ. डिझेल इंजिनवाल्या डायमंडला हा त्रास जवळजवळ नाही, कारण जेट फ्युएल पेट्रोलसारखी चटकन वाफ सोडत नाही. आणि टेकनॅमवरच्या रोटॅक्स 912 ला प्राइमरऐवजी चोक असतो. तो थ्रॉटल बंद असतानाच नीट काम करतो, तिथे थ्रॉटलशी खेळलात तर चोकचा उपयोगच जातो.

सराव करता येतो का, हाही तुमचा प्रश्न होता. करता येतो, आणि फुकट. विमान हँगरमध्ये, मास्टर ऑफ, चावी काढून खिशात. डोळे मिटून हाताने मिक्श्चर, थ्रॉटल, सिलेक्टर, फ्युएल पंप, मास्टर शोधायचे. शेजारी मित्राला बसवा, त्याने मधेच ‘आग’ म्हणावं, आणि तुमचा एक हात चावीच्या जागेवरून न हलता दुसऱ्या हाताने काय करता येतं ते बघा. 172 मध्ये चावी डावीकडे आहे आणि थ्रॉटल-मिक्श्चर मध्यभागी, तेव्हा तिथे डावा हात चावीवर आणि उजवा मोकळा. कुठल्या विमानात कुठला हात अडकून राहतो आणि कुठला मोकळा, हे आधीच माहीत हवं.

आणि खरंच असं काही झालं, अगदी क्षणभर भडकून विझलं तरी, टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) लिहा आणि तुमच्या सेफ्टी ऑफिसरला सांगा, डीजीसीएला (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला) काय कळवायचं ते तो बघेल. लिहिताना ‘आग लागली, विझली’ एवढंच नको. प्राइम किती मारले, थ्रॉटल पंप केला का, कितव्या प्रयत्नाला झालं, प्रॉप उलटा झटकला का, बॅटरीवर होतात की ग्राउंड पॉवरवर, तेव्हा तापमान काय होतं. कुणी पंप केला म्हणून रागवायला मला ते नको असतं. पंप केलेला असेल तर मी कार्ब्युरेटर आणि एअर बॉक्सपासून सुरुवात करतो. नसेल केला तर थेट मॅग्नेटोकडे जातो.